विंडोज ११ ला नको असलेला लॅपटॉप: जुन्या डिस्कला हात न लावता लिनक्स मिंट

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळख पटलेली सिस्टीम चालू देणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुतेक वेळा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्यामुळे साधारण २०१७ पर्यंत घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. लॅपटॉप बिघडला आहे म्हणून नव्हे, यादीत नाव नाही म्हणून.

पिढी कशी ओळखायची? लॅपटॉपवरच्या स्टिकरवर किंवा ‘सिस्टीम’च्या पानावर प्रोसेसरचा नंबर असतो. आय५-७२००यू असेल तर सातवी पिढी, आय३-५००५यू असेल तर पाचवी, आय५-१०२१०यू असेल तर दहावी. आय५ नंतर तीनच आकडे असतील तर ती पहिली पिढी आणि तुमच्या चिकाटीला नमस्कार.

असा लॅपटॉप घेऊन दुकानात गेलं की तीन सल्ले मिळतात. नवीन घ्या, आहे तसं चालू द्या, नाहीतर ‘बायपास करून विंडोज ११ मारून देतो’. पहिल्या सल्ल्याचा खर्च तुम्हाला माहीत आहे. दुसरा धोक्याचा आहे, कारण सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या मशीनवर बँकेचं काम करणं शहाणपणाचं नाही. थोडा वेळच हवा असेल तर मायक्रोसॉफ्टची घरगुती वापरासाठीची वाढीव अपडेटची योजना आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तिसरा सल्ला ऐकायला गोड आहे. रुफस नावाच्या प्रोग्रॅमने टीपीएमची अट काढून टाकलेला पेनड्राइव्ह बनवता येतो आणि सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हाताने चढवावी लागते. कोअर २ ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळतच नाहीत. ज्याला हे सगळं दरवर्षी निस्तरायची हौस आहे त्याने जरूर करावं. नवख्या माणसाला मी ते सुचवणार नाही.

हा लेख चौथ्या वाटेचा आहे: लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकारही चालेल, पण विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंटमध्ये परकं वाटत नाही. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, वर उजव्या कोपऱ्यात फुली. सध्याच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि ही वाट अशा पद्धतीने सांगणार आहे की पसंत पडलं नाही तर तुमचं जुनं विंडोज जसंच्या तसं परत मिळेल.

कुणी या वाटेला जाऊ नये

हे आधी सांगतो, कारण इथे फसलेला माणूस नंतर लिनक्सला शिव्या देतो.

टॅलीवर हिशेब ठेवत असाल तर थांबा. जीएसटी, निविदा किंवा कंपनीच्या फायलिंगसाठी यूएसबी टोकनवर डिजिटल सही करत असाल तरी थांबा. त्या टोकनांची आणि सही करणाऱ्या प्रोग्रॅमची सगळी मांडणी विंडोज धरून केलेली असते, आणि शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता प्रयोग करायची वेळ येते. ऑटोकॅड, फोटोशॉप, कोरलड्रॉ यांवर पोट असेल तर विंडोजच हवं. मुलांच्या ऑनलाइन परीक्षेसाठी कॅमेऱ्यातून नजर ठेवणारा खास प्रोग्रॅम लागत असेल, तर तो लिनक्सवर चालतो का हे आधी परीक्षा घेणाऱ्यांना विचारा. बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असतं.

बाकीच्यांनी पुढे वाचा. ब्राउझर, यूट्यूब, मेल, बँक, ऑफिसचं पत्र, एक्सेलचा साधा तक्ता, मीटिंग, पीडीएफ एवढ्यावर भागणारी घरं खूप आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांचं जवळजवळ सगळं ब्राउझरमध्येच चालतं. आणि संगणक अभियांत्रिकीच्या पोरांना प्रॅक्टिकलला लिनक्स लागतंच, त्यांना तर घरचा अभ्यास होईल.

युक्ती एकच: जुनी डिस्क पुसायची नाही

इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शनात सांगतात की डेटाचा बॅकअप घ्या, मग त्याच डिस्कवर विंडोजशेजारी जागा करून लिनक्स टाका. नवखा माणूस इथेच घसरतो. बॅकअपमध्ये काय राहिलं हे पुसल्यानंतरच कळतं, आणि पार्टिशन (डिस्कचे भाग) कापताना एक चुकीचं बटण पुरतं.

त्यापेक्षा एक एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, विकत घ्या. जुनी डिस्क लॅपटॉपमधून काढा, तिच्या जागी एसएसडी बसवा आणि मिंट तिच्यावर टाका. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क बाहेरून जोडायची डबी) घातली की तुमच्या फायली, फोटो, सगळं तिथेच. नव्या घरी राहायला जाताना जुन्या घराची किल्ली खिशात ठेवण्यासारखं आहे हे. मन बदललं तर तीच डिस्क परत आत, तेच विंडोज परत सुरू.

दुसरा फायदा याहून मोठा आहे. जुना लॅपटॉप मंद असतो तो प्रोसेसरमुळे कमी आणि फिरत्या हार्ड डिस्कमुळे जास्त. एसएसडी बसवलेला पाचव्या पिढीचा आय३ रोजच्या कामाला सहज पुरतो. हार्ड डिस्क तशीच ठेवून त्यावर लिनक्स टाकणाऱ्यांची ‘हेही हळूच चालतंय’ ही तक्रार म्हणूनच येते.

काही स्वस्त, बारीक लॅपटॉपमध्ये साठवणूक मदरबोर्डवरच चिकटवलेली असते. ३२ किंवा ६४ जीबीची, ईएमएमसी नावाची. ती बदलता येत नाही. तुमचा तसा असेल तर बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेण्याला पर्याय नाही. पायरी ४ सोडून पुढचं सगळं लागू पडतं, फक्त पायरी ५ मध्ये ‘इरेज डिस्क’ घेतलंत की तुमचं जुनं विंडोज पुसलं जाईल.

खरेदी: बुधवार पेठेत जाताना

पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत हे सगळं मिळतं. गाडी नेऊ नका, लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाईल. मेट्रोने मंडईला किंवा कसबा पेठेला उतरून चालत जा. निघण्याआधी लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल नंबर फोनमध्ये टिपून घ्या, नुसतं ‘एचपीचा काळा’ सांगून उपयोग नाही.

घ्यायच्या वस्तू अशा (पेनड्राइव्ह आधी, बाकीच्या पायरी ३ मध्ये मिंट चालवून बघितल्यावर):

– २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी. २०१७ पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपना अडीच इंची साटा चालते. काहींमध्ये एम.२ ची खाच असते, पण एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि जुन्या खाचेत एनव्हीएमई चालेलच असं नाही. खात्री नसेल तर अडीच इंची साटा घ्या.
– जुन्या डिस्कसाठी यूएसबी केसिंग. अडीच इंची, यूएसबी ३.
– ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. घरात असेल तोही चालेल, पण त्यावरचं सगळं पुसलं जाणार.
– लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम असेल तर आणखी एक ४ जीबीची पट्टी. आतल्या पट्टीवर पीसी३एल लिहिलं असेल तर तसलीच घ्या. नुसती पीसी३ जास्त व्होल्टेजची असते आणि काही मशीन ती घेतच नाहीत.
– सीआर२०३२ हा गोल सेल. लॅपटॉप बंद-चालू केल्यावर तारीख मागे जात असेल तर हा संपलेला आहे. काही मॉडेलमध्ये तो वायर जोडलेला असतो, तसा असेल तर जुना सोबत न्या.

पक्कं बिल मागा. बिलाशिवाय स्वस्त मिळणारी एसएसडी वॉरंटीच्या वेळी कुणाचीच नसते. दुकानदार ‘सर, बसवून विंडोजपण मारून देतो’ म्हणेल. बसवून घ्यायला हरकत नाही. विंडोज नको सांगा. क्रॅक केलेल्या विंडोजमधून काय-काय येतं हे त्यालाही माहीत नसतं.

पायरी १: जुन्या विंडोजमधून निघण्याआधी

लॅपटॉप उघडायच्या आधी जुन्या विंडोजमध्येच काही कामं उरकायची आहेत.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का पाहा. चालू असेल तर ती डिस्क केसिंगमध्ये घातल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या तुमच्या खात्यात असते. आत्ताच शोधून कागदावर लिहा. की नाही, तर डेटा नाही. यात कुणाच्या ओळखीने काही होत नाही.

ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क सिंक झालेत का बघा. वायफायचा पासवर्ड टिपा.

शेवटची गोष्ट म्हणजे विंडोज पूर्ण बंद करणं. आपण ‘शट डाउन’ म्हणतो तेव्हा विंडोज बहुतेकदा अर्धवट झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. अशा झोपलेल्या डिस्कवरच्या फायली लिनक्सला वाचता येतात, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. म्हणून शिफ्टचं बटण दाबून धरा आणि मग शट डाउनवर क्लिक करा. पण हे सगळ्यात शेवटी, पेनड्राइव्ह तयार झाल्यावर.

पायरी २: पेनड्राइव्ह

लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (सगळं मिंट एकाच फाइलमध्ये) उतरवा, ती सुमारे तीन जीबीची आहे. तीन प्रकार दिसतील: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन, ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई. माटे मधलं आहे, त्यावर डोकं खपवू नका. मिंट २२ फक्त ६४ बिट प्रोसेसरवर चालतं. फार जुनी ॲटमची छोटी नेटबुकं सोडली तर ही अडचण येत नाही.

फाइल नीट उतरली का हे तपासायचा कंटाळा करू नका. घरच्या वायफायवर अर्धवट तुटलेली आयएसओ पुढे ‘इन्स्टॉल मध्येच थांबतंय’ अशा कोड्यात टाकते. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ (फाइलची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) काढा आणि साइटवर दिलेल्या लांबलचक ओळीशी ताडून पाहा. पहिली आणि शेवटची आठ-दहा अक्षरं जुळली तरी उतरताना फाइल तुटली नाही एवढं कळतं.

मग रुफस उघडा, पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट. काही विचारलं तर सुचवलेलाच पर्याय ठेवा. फक्त एक बघा: वर निवडलेलं नाव पेनड्राइव्हचंच आहे ना. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवा.

पायरी ३: आधी फक्त चालवून बघा

इथे घाई करणारे खूप असतात. मिंट पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, डिस्कला न शिवता. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी, जुनी डिस्क आत असतानाच ते सुरू करून बघा. इथे जे चालतं ते नंतरही चालतं. जे चालत नाही त्याचा उपाय पैसे खर्च करण्याआधी शोधलेला बरा.

लॅपटॉप सुरू करताच बूट मेनूचं (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायच्या यादीचं) बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, आसूसला एस्केप. लेनोव्होच्या काही मॉडेलना बाजूला बारीक छिद्र असतं, त्यात पिन खुपसली की हा मेनू येतो. एसरवाल्यांचं वेगळंच आहे: एफ१२ चा मेनू मुळात बंद असतो. आधी एफ२ दाबून बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जायचं आणि ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करायचा. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला, एकदा यूईएफआय लिहून आणि एकदा न लिहिता, तर यूईएफआयवाला निवडा. एकदाच दिसला तर तो.

सिक्युअर बूट बंद करावं लागतं असं अनेक जण सांगतात. मिंटला त्याची गरज नाही, ते चालू असतानाही मिंट सुरू होतं. अडलं तरच बंद करा. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून पहिल्या मेनूत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपना कधीकधी तेवढं लागतं.

डेस्कटॉप दिसला की ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ या चित्राला हात लावू नका. हे तपासा:

वायफाय दिसतं का आणि जोडलं जातं का. आवाज स्पीकरमधून आणि हेडफोनमधूनही येतो का. कॅमेरा. ब्राइटनेसची बटणं. टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. ब्लूटूथ. आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाकण बंद करून दोन मिनिटांनी उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. हे कुणी बघत नाही आणि मग महिनाभर त्याच कारणाने वैतागतं.

पेनड्राइव्हवरून चालताना सगळं सावकाश उघडतं. त्यावरून वेग ठरवू नका.

वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. ब्रॉडकॉमच्या चिपवाल्या जुन्या लॅपटॉपना हा त्रास असतो. फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की इंटरनेट येतं. मग मेनूतल्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये बघा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर तिथे सुचवलेला असतो.

याच वेळी ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम उघडून जुन्या डिस्कची प्रकृतीही बघून घ्या. ‘स्मार्ट डेटा’मध्ये खराब सेक्टर दाखवत असेल तर महत्त्वाच्या फायली आजच दुसरीकडे हलवा. ती डिस्क मग राखीव म्हणूनही भरवशाची नाही.

पायरी ४: डिस्क बदलणं

चार्जर काढा. बाहेर निघणारी बॅटरी असेल तर ती काढा. आत असेल तर मागचं झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची पिन सोडवणं. तुमच्या मॉडेलच्या नावाने शोधलं की झाकण उघडतानाचे व्हिडिओ सापडतात. एक पूर्ण बघा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात आणि लांबीही वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून स्क्रू त्या-त्या जागी ठेवा.

हार्ड डिस्कला बहुतेकदा पत्र्याची किंवा रबराची चौकट असते. ती काढून एसएसडीला लावायची, टाकून द्यायची नाही, नाहीतर एसएसडी आत खडखडते. रॅमची पट्टी तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चाप ‘टक’ झाले पाहिजेत. तो सीआर२०३२ गोल सेल बदलायचा असेल तर आत्ताच बदला, पुन्हा झाकण उघडायचा उत्साह राहत नाही.

हाताला सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून समोर बसून करून घ्या. एवढंच काम आहे हे आधी सांगा आणि भाव ठरवा. जुनी डिस्क आणि चौकटीचे उरलेले स्क्रू परत मागून घ्या.

पायरी ५: इन्स्टॉल

सगळ्यात सोपा भाग हा आहे. लोकांना नेमकी याचीच भीती वाटते.

चार्जर लावा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, आणि पुण्यात आपल्याकडे महावितरण दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारीच वीज बंद ठेवतं. तेव्हा गुरुवार सोडून कुठलाही वार धरा.

पेनड्राइव्हवरून सुरू करा, वायफाय किंवा टेदरिंग जोडा आणि आता ते इन्स्टॉलचं चित्र उघडा. भाषा इंग्रजीच ठेवा असं मी सुचवेन. मराठी निवडता येतं, पण भाषांतर अर्धंमुर्धं आहे आणि काही अडलं तर चूक सांगणारा संदेश इंग्रजीत असेल तरच उत्तर सापडतं. मराठी लिहिण्यासाठी याने काही अडत नाही. कीबोर्ड ‘इंग्लिश यूएस’. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. सिक्युअर बूट चालू असेल तर इथेच एक पासवर्ड ठरवायला सांगेल. तो लिहून ठेवा. इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा सुरू होताना निळा पडदा येईल, त्यात ‘एनरोल एमओके’ घेऊन तोच पासवर्ड द्यायचा.

मग तो प्रश्न येतो ज्याने सगळ्यांचे हात थरथरतात: ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’. तुमच्या बाबतीत आत फक्त कोरी एसएसडी आहे. बिनधास्त निवडा. पुढे डिस्कचं नाव आणि आकार दाखवतो, तो एसएसडीचाच आहे एवढं बघा. पेनड्राइव्ह आकारावरून लगेच ओळखू येतो. लॅपटॉप बाहेर फिरतो, ट्रेनने जातो, हॉस्टेलवर राहतो, असा असेल तर याच पडद्यावर एन्क्रिप्शनचा पर्याय घ्या. मात्र तो पासवर्ड विसरलात तर सगळं गेलं.

कोरी एसएसडी यादीत दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटाची पद्धत ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असते. ती ‘एएचसीआय’ करा. जुनं विंडोज परत लावायची वेळ आली तर ही सेटिंग पूर्ववत करावी लागेल, म्हणून बदलण्याआधी त्या पडद्याचा फोटो काढा.

वेळेसाठी नकाशावर भारतावर क्लिक केलं की ‘कोलकाता’ येतं, तेच बरोबर. नाव, पासवर्ड. पुढची वीसेक मिनिटं लॅपटॉपला एकटं सोडा. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतो.

एसरवर इन्स्टॉल झाल्यावर ‘बूट करण्यासारखं काही नाही’ असं आलं तर बायोसमध्ये सुपरवायझर पासवर्ड लावा. त्याशिवाय काही मॉडेलमध्ये ‘यूईएफआय फाइल ट्रस्टेड म्हणून निवडा’ हा पर्याय उघडत नाही. त्यातून उबुंटू नावाच्या फोल्डरमधली शिम ही फाइल निवडायची. मिंट उबुंटूवर उभं आहे, त्यामुळे फोल्डरला ते नाव असतं.

सुरू झाल्यावर

तारीख बघा. चुकीची असेल तर कुठलीही साइट उघडणार नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणेल आणि तुम्ही वायफायला दोष द्याल. जुनं विंडोज आणि नवं लिनक्स आलटून-पालटून लावून पाहिलंत तर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी सरकलेलं दिसेल. विंडोज आतल्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स ग्रिनिचची. बिघाड नाही.

‘अपडेट मॅनेजर’ उघडून सगळे अपडेट घ्या, मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’. ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. एखाद्या अपडेटने काही बिघडवलं तर तो प्रोग्रॅम सिस्टीम कालच्या स्थितीला नेतो. तुमच्या फोटोंचा बॅकअप मात्र तो घेत नाही, ते काम वेगळं. अँटिव्हायरसवाले शोधत बसू नका.

मराठीसाठी ‘कीबोर्ड’ सेटिंगमध्ये ‘लेआउट्स’ उघडा आणि नवीन जोडताना मराठी शोधा. ‘मराठी कगप फोनेटिक’ हा रोमन अक्षरांच्या सवयीला जवळचा आहे. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तेच घ्या, हात बसला की त्याच्याइतकं वेगाने दुसरं काही चालत नाही. घड्याळाशेजारच्या खुणेवर क्लिक केलं की भाषा बदलते.

आता जुन्या डिस्कवरच्या मराठी फायली. केसिंग लावून एखादं जुनं पत्र उघडलंत आणि अगम्य चिन्हं दिसली, तर फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडच्या (आजच्या सगळ्या मशीनना कळणाऱ्या मराठी अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. पुण्यातल्या घराघरांत आणि छापखान्यांत श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम हे मराठी लिहायचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालले, दोन्ही इथलीच. उपाय म्हणजे जुन्या डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट शोधा, डबल क्लिक करून इन्स्टॉल करा, फाइल पुन्हा उघडा. मजकूर वाचता येईल आणि छापताही येईल. पण त्यात शोध चालणार नाही, आणि नवीन लिहायचं ते युनिकोडमध्येच लिहा. पेजमेकरची फाइल मिंटसोबत येणाऱ्या लिबर ऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडते, मात्र मांडणी हललेली असते. आजोबांच्या पुस्तकाचा मजकूर वाचवण्याइतपत ठीक, छपाईला द्यायला नाही.

प्रिंटर. नवे वायफायवाले बहुतेक आपोआप सापडतात. एचपीचा लेसरजेट १०२० असेल तर ‘एचपीलिप’ हा एचपीचा प्रोग्रॅम टाकून त्याचं प्लगइन उतरवावं लागतं, मग तो निमूट चालतो. कॅननचा एलबीपी २९०० असेल तर मात्र बाका प्रसंग आहे. तो कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि लिनक्सवर त्याला बोलतं करणं नवख्याचं काम नाही. महिन्याला चार पानं छापत असाल तर पीडीएफ करा आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा.

काही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल तर ‘वायफाय चालत नाही’ एवढंच लिहू नका. मेनूत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधा, त्यात सगळी माहिती कॉपी करायचं बटण असतं. ती चिकटवा, नेमकं काय केल्यावर काय झालं ते दोन ओळींत लिहा आणि स्क्रीनचा फोटो सरळ धरून काढा.